चाल कोणाची?

जुन्या संगीत नाटकांचीं पुस्तकें ज्यांच्या घरच्या कपाटांत अद्याप टिकून असतील, त्यांनीं त्यांपैकीं एखादें सहज उघडून पाहावें. पदाच्या माथ्यावर, पहिल्या ओळीच्याही आधीं, बहुधा एक बारीकशी सूचना छापलेली आढळते : ‘चाल’, आणि पुढें अमक्या लावणीची, अमक्या कानडी पदाची, अमक्या हिंदुस्थानी चिजेची. १८८२ सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलें; १९११ सालीं खाडिलकरांचें ‘मानापमान’ झालें, १९१६ सालीं ‘स्वयंवर’. या सर्वांत बाहेरून आलेल्या चालींचा भरणा आहे. गोविंदराव टेंबे यांनीं ‘मानापमाना’साठीं पूरबेकडील ठुमरी-गझलांचा बाज आणला, भास्करबुवा बखले यांनीं ‘स्वयंवरा’साठीं आपल्या ख्यालांच्या भांडाराचें दार उघडलें, हें आपण आजही अभिमानानें सांगतों. उसनें घेतल्याची लाज त्या काळीं कोणास वाटली नाहीं. धनको कोण, तें पदाच्या डोक्यावरच छापलेलें असे. मग लाजावयाचें कशाला?

ही आठवण काढण्याचें कारण निराळें आहे. हल्लीं पुष्कळ घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी असें संगीत ऐकत बसलेली दिसते कीं, ज्यांत गळा नाहीं, तार नाहीं, कातडें नाहीं. आणि कांहीं तर ऐकण्यावर न थांबतां घरच्या संगणकावर तें स्वतः रचूंही लागलीं आहेत. त्यास इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणतात व तें रचणारास प्रोड्यूसर म्हणतात. हा शब्द आपल्याकडे चित्रपटाला भांडवल पुरविणाऱ्यास लावण्याची रीत असल्यामुळें घोंटाळा होतो. येथें तो संगीत बांधणारा, वाजविणारा व मुद्रित करणारा अशा तिघांच्या जागीं एकटाच बसलेला इसम समजावा. वडील मंडळींचा यावर एक ठराविक आक्षेप असतो : यंत्राला स्वतःचें असें काय गाणें असणार?

मला हा आक्षेप अर्धा खरा वाटतो. यंत्राजवळ स्वतःचें गाणें नसतें, हें अगदीं कबूल. म्हणूनच तें जन्मापासून दुसऱ्याच्या घरीं जेवत आलें आहे. कधीं ख्रिस्ती देवळांत, कधीं नाचघरांत, कधीं आपल्या बैठकींत. त्यानें काय घेतलें, नेमकें तेंच कां घेतलें, आणि माथ्यावर चाल छापली कीं नाहीं, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

आरंभींचें एक उदाहरण प्रामाणिकपणाचें आहे. १९६८ सालीं अमेरिकेंत वेंडी कार्लोस यांची ‘स्विच्ड-ऑन बाख’ नांवाची ध्वनिमुद्रिका निघाली. रॉबर्ट मूग यांचा सिंथेसायझर तेव्हां अगदीं नवा होता. विद्युत्प्रवाहाच्या आंदोलनांतून स्वर काढणारें तें यंत्र एका वेळीं एकच स्वर काढूं शके. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर एक मुकी राही. असें एकतोंडी यंत्र हातीं असतां कार्लोसबाईंनीं अठराव्या शतकांतील जर्मन संगीतकार बाख निवडला, तो केवळ भक्तीनें नव्हे. बाखच्या रचनांत तीन-चार स्वतंत्र ओळी एकमेकींशीं बोलत चालतात, आणि प्रत्येक ओळ स्वतःपुरती बहुतकरून एकेका स्वराचीच असते. एकेक ओळ वाजवून फितीवर घ्यावयाची व मग सर्व ओळी एकावर एक बसवावयाच्या, हें काम त्या यंत्राच्या मापांत नेमकें बसलें. तबकडी तुफान खपली. देणें कोणाचें तें नांवांतच सांगितलेलें होतें, त्यामुळें तेथें वाद उरला नाहीं.

जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ शहरच्या ‘क्राफ्टवेर्क’ या मंडळींनीं १९७७ सालीं यूरोप ओलांडणाऱ्या आगगाडीच्या नांवानें एक ध्वनिमुद्रिका काढली. चाकांचा ठेका यंत्रावर धरलेला, आणि शेवटाकडे ‘फ्रांत्स शूबर्ट’ नांवाचा एक लहान तुकडा. (आगगाडीचें या संगीताशीं नातें जुनें आहे, १९४८ सालींच पॅरिसच्या एका स्थानकावर जाऊन पिएर शेफर यांनीं इंजिनांचे आवाज तबकडीवर घेतले होते आणि ते कांपून-जोडून एक रचना सिद्ध केली होती.) क्राफ्टवेर्कच्या त्या आगगाडीचे स्वर १९८२ सालीं न्यूयॉर्कमध्यें आफ्रिका बंबाटा यांच्या ‘प्लॅनेट रॉक’ या गाण्यांत उतरले, आणि मोटारींचे कारखाने असलेल्या डेट्रॉइटच्या परिसरांत वान ॲटकिन्स, डेरिक मे व केव्हिन सॉन्डरसन या तीन कृष्णवर्णीय तरुणांनीं त्याच जर्मन मंडळींना रेडिओवर ऐकून, त्यांत आपल्या शेजारपाजारच्या नाचगाण्याचा कस मिसळून, ज्याला पुढें ‘टेक्नो’ म्हणूं लागले तें संगीत उभें केलें. शूबर्टच्या व्हिएन्नेपासून डेट्रॉइटच्या नाचघरापर्यंत ही अशी दिंडी आहे.

याच्या उलट टोंकाचें जें उदाहरण आहे, तें जरा सविस्तर सांगितलें पाहिजे, कारण गेल्या चाळीस वर्षांच्या यंत्रसंगीताचा बराचसा प्रपंच त्या एकाच ऋणावर चालला आहे.

१९६९ सालीं वॉशिंग्टन शहरच्या ‘दि विन्स्टन्स’ या वाद्यवृंदानें एक लहान तबकडी काढली. तिच्या दर्शनी बाजूवर ‘कलर हिम फादर’ हें गाणें होतें. तें गाजलें, व पुढच्या वर्षीं त्याला ग्रॅमी पारितोषिकही मिळालें. मागची बाजू भरून काढण्यासाठीं ‘आमेन, ब्रदर’ हा वाद्यांचा तुकडा वाजविण्यांत आला. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या देवळांतील भजनाच्या धर्तीवर तो बेतलेला होता. म्हणजे ही चालही उसनीच, पण नांवांत ‘आमेन’ ठेवून तिचें मूळ घर सांगितलेलें. तुकडा निम्म्यावर आला असतां बाकीचीं वाद्यें थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा एकटा ड्रम वाजवितो. चार आवर्तनें, सुमारें सात सेकंद. मग सर्व मंडळी परत येतात.

या सात सेकंदांत असें आहे तरी काय? तबल्याशीं परिचय असलेल्या श्रोत्यास तें लवकर उमजेल. पहिलीं दोन आवर्तनें ठेका सरळ चालतो. पण मुख्य आघातांच्या मध्यें हलके, कानाला जेमतेम जाणवणारे आघात पेरलेले आहेत, आणि ठेका भरीव वाटतो तो त्यांच्यामुळें. तिसऱ्या आवर्तनाच्या अखेरीस कोलमन एक आघात किंचित् मागें ठेवतो. चौथ्याच्या आरंभीं जेथें कान आघाताची वाट पाहतो ती जागा रिकामी सोडतो, आणि पुढें अनपेक्षित जागीं झांजेचा कडाका करतो. तें ऐकून माणूस आपोआप मान हलवितो, आणि हलविल्यावर त्यास कळतें कीं आपण फसलों. मैफलींत समेवर अशी फसगत झाली म्हणजे आपणही ‘वाहवा’ म्हणतों.

न्यूयॉर्कच्या वस्त्यांत १९७३ च्या सुमारापासून तबकड्या लावणारे तरुण जुन्या गाण्यांतील असे एकट्या ड्रमाचे तुकडे शोधून काढीत व दोन सारख्या तबकड्या आलटून पालटून तोच तुकडा लांबवीत, कारण नाचणारे नेमके तेथेंच रंगांत येत. १९८६ सालीं अशाच तुकड्यांच्या एका संग्रहांत ‘आमेन, ब्रदर’ पुन्हा छापलें गेलें, आणि त्याच सुमारास सॅम्प्लर नांवाचें यंत्र सामान्य मिळकतीच्या माणसाच्या आवांक्यांत येऊं लागलें. सॅम्प्लर म्हणजे आवाजाची कात्री व खळ एकाच पेटींत. कोणत्याही तबकडीवरील तुकडा त्यांत भरावा, हवा तेथें कांपावा, हव्या त्या पट्टीवर ठेवावा, आणि बोटानें दाबतांच तो वाजावा. चावीच्या ग्रामोफोनची तबकडी जलद फिरविली म्हणजे गवयाचा आवाज पोरका व किनरा होतो, हें ज्यांनीं लहानपणीं करून पाहिलें आहे, त्यांना पुढचें सांगावयास नको. कोलमनचा ठेका असाच जलद करून, त्याचा आवाज चढवून, १९९० नंतरच्या वर्षांत लंडनच्या तरुणांनीं त्यांतून ‘जंगल’ व ‘ड्रम अँड बेस’ या नांवांचा एक अख्खा संगीतप्रकारच काढला. खालचा घनगंभीर नाद त्यांनीं जमेकाच्या संगीतांतून घेतला, कारण त्यांच्यापैकीं कित्येकांचे आईबाप त्या बेटांवरून आलेले होते.

नुसतें जलद करण्यावर ते थांबले असते तर मी त्यांची गोष्ट येथें एवढी लांबविली नसती. त्यांनीं त्या सात सेकंदांचे सुटे आघात केले. एक जाड आघात, एक हलका, एक झांजेचा, एक रिकामी जागा. आणि मग हे बोल उलटसुलट मांडून प्रत्येक आवर्तन निराळें केलें. आपला तबलजी कायदा मांडतो, आणि मग कायद्यांत आलेले बोलच घेऊन पलट्यांवर पलटे काढतो. बाहेरचा बोल घेतला तर जाणकार भुंवया चढवितात. लंडनच्या त्या पोरांना दिल्लीचा कायदा ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. परंतु एकाच लहानशा बोलसमूहावर मर्यादा घालून घेऊन तिच्यांत राहून अखंड वैचित्र्य काढावयाचें, ही बुद्धि तीच आहे. यंत्रानें केलेल्या चोरीचा आरोप ऐकतांना ही गोष्टही ध्यानांत असूं द्यावी. घेतलें तें दुसऱ्याचें, पण घेतल्यावर जें केलें तें त्यांचें होतें.

तरीपण देणें तें देणेंच. हजारों गाण्यांत तो ठेका वाजला, जाहिरातींत वाजला, आणि त्या वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यास याचा पत्ताच नव्हता. वाद्यवृंद केव्हांच मोडला होता. १९९६ सालीं एका इंग्रज कंपनीनें मूळ मुद्रणाची चौकशी केली तेव्हां त्यास प्रथम कळलें कीं, आपल्या तबकडीच्या पाठीमागच्या बाजूवर जग नाचत आहे. तोंपर्यंत दाद मागण्याची मुदत निघून गेलेली होती. आणि ज्यानें तो ठेका प्रत्यक्ष वाजविला, त्या ग्रेगरी कोलमनला तर कधीं कवडीही मिळाली नाहीं. तो २००६ सालीं अटलांटा शहरीं वारला, तेव्हां त्याला राहावयास घर नव्हतें.

उलट, क्राफ्टवेर्कच्या १९७७ च्याच एका तुकड्यांतील दोन सेकंद एका जर्मन निर्मात्यानें १९९७ सालीं एका गाण्यांत वापरले, त्यावरून जो दावा सुरू झाला तो जर्मनीच्या राज्यघटना न्यायालयापर्यंत २०१६ सालीं, आणि युरोपीय न्यायालयापर्यंत २०१९ सालीं जाऊन पोंचला, व तेवढ्यानेंही मिटला नाहीं. दोन सेकंदांसाठीं दोन तपें वाद घालण्याचें सामर्थ्य एकाकडे, आणि सात सेकंदांसाठीं एक पत्र लिहिण्याचेंही दुसऱ्याकडे नाहीं. कायदा दोघांनाही सारखाच होता.

आतां ज्यांनीं आपल्या धनकोचें नांव शेवटपर्यंत तोंडांत ठेवलें, त्यांच्याकडे वळतों. ही गोष्ट तंबोऱ्याची आहे, आणि तिचा एक धागा मिरजेच्या आसपास फिरतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खांसाहेब मिरजेस स्थायिक झाले व त्यांच्या परंपरेनें सवाई गंधर्व, हिराबाई बडोदेकर, भीमसेन जोशी अशी माणसें महाराष्ट्राला दिलीं, हें सर्वश्रुत आहे. त्याच घराण्याचे अब्दुल वहीद खांसाहेब यांचे एक शिष्य पंडित प्राणनाथ. यांचें गाणें विलक्षण संथ. एकेका स्वरावर ते इतके रेंगाळत कीं, राग पुढें सरकतो आहे कीं नाहीं असा श्रोत्यास संशय यावा. दिल्लींत त्यांना त्या मानानें श्रोते थोडे मिळाले. १९७० सालीं ते अमेरिकेस गेले, आणि तेथें ला माँट यंग, मॅरियन झझीला व टेरी रायली असे नव्या संगीताचे अध्वर्यु त्यांच्यापुढें मांडी घालून शिकावयास बसले. १९९६ सालीं कॅलिफोर्नियांत प्राणनाथजींचें निधन झालें, तोंपर्यंत हें शिष्यत्व चाललें, आणि रायली तर त्यानंतरही राग शिकवीत राहिले.

यांनीं उचललें काय? राग नव्हे, निदान प्रथम नव्हे. त्यांना वेड लावलें तें तंबोऱ्यानें. घोडीवर तारेखालीं रेशमाचा किंवा सुताचा एक दोरा सरकवून जवारी लावली म्हणजे एकाच तारेंतून स्वरांचा एक सबंध मोहोर फुटतो, आणि षड्ज छेडला असतां न छेडलेला गांधारही ऐकूं येतो, हें आपल्याला लहानपणापासून परिचित असल्यामुळें त्याचें नवल वाटत नाहीं. यंग यांनीं लांबविलेल्या एकाच स्वराचा ध्यास प्राणनाथांच्या भेटीपूर्वींच घेतलेला होता. तंबोऱ्यांत त्यांना त्या ध्यासाचें हजार वर्षांचें नसलें तरी पिढ्यान्‌पिढ्यांचें शास्त्र सांपडलें. न्यूयॉर्कमध्यें १९९३ पासून त्यांनीं व झझीला यांनीं एका घरांत यंत्रांतून निघणारे शुद्ध स्वर अखंड चालू ठेवले; खोलींत चालतांना मान जरा वळविली तरी ऐकूं येणारा मेळ बदलतो. यंग यांच्या स्वरध्यानाचा प्रभाव पुढें ब्रायन ईनो यांच्यावर पडला, आणि ईनोंनीं १९७८ सालीं विमानतळासाठीं म्हणून जें संथ संगीत काढलें, तेथपासून यंत्रसंगीतांत ‘ॲम्बियंट’ नांवाची एक मोठी शाखा फुटली. आज एखाद्या विद्यार्थ्यानें अभ्यासाच्या वेळीं लावलेलें तें गुंजन ऐकून आजीबाईंनीं “तंबोराच लावला आहे कीं काय!” असें म्हटलें, तर त्या फारशा चुकल्या असें मला वाटत नाहीं.

टेरी रायली यांच्या आवर्तनप्रिय रचनांवरून इंग्लंडांतील ‘दि हू’ या मंडळींचे पीट टाउन्शेंड यांनाही एक कल्पना सुचली. ऑर्गनच्या पेटींत एकच पट्टी दाबून धरली असतां स्वर आपोआप थरारत राहण्याची जी सोय होती, तिच्यावर त्यांनीं १९७१ सालीं एक गाणें उभारलें व त्याचें नांव ठेवलें ‘बाबा ओ’रायली’. यांतले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा. पुण्यास जन्मलेले, आणि अहिल्यानगरजवळ (तेव्हांचें अहमदनगर) मेहेराबाद येथें ज्यांची समाधि आहे ते. टाउन्शेंड त्यांचे भक्त होते. किर्लोस्करांच्या छापखान्यानेंही चाल इतक्या ठळक टाइपांत छापली नसती.

आणि आतां मुंबईची हकीकत, जी मला या सर्वांत अधिक जिव्हाळ्याची वाटते.

मुंबईच्या चित्रपटसंगीतांत वाद्यें वाजविणाऱ्यांच्या पिढ्या होऊन गेल्या. गोव्याहून आलेले ख्रिस्ती वादक, आणि त्यांतही सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे वाद्यमेळ रचणारे, यांच्यावांचून तें संगीत उभेंच राहिलें नसतें. तबकडीवर मात्र नांव संगीतदिग्दर्शकाचें व गायकाचें. चरणजित सिंग हे याच अनामिकांच्या पंगतींतले. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यमेळांत त्यांनीं गिटार व नव्या नव्या विजेच्या पेट्या वाजविल्या. १९८२ सालीं त्यांच्याजवळ जपानच्या रोलँड कंपनीचीं तीन यंत्रें होतीं : ज्युपिटर-८ हा पट्ट्यांचा सिंथेसायझर, टीआर-८०८ हें ठेका धरणारें यंत्र, आणि टीबी-३०३ ही खर्जाची एक लहानशी पेटी. सर्वत्र डिस्कोचा जमाना होता. त्यांनीं एकट्यानें बसून हीं तिन्ही यंत्रें एका लयींत बांधलीं आणि त्यांवर दहा राग वाजविले : भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. एच्‌एम्‌व्हीनें ती तबकडी काढली. ती खपली नाहीं, आणि विस्मृतींत गेली.

हें संगीत ऐकतांना जाणत्या श्रोत्याच्या कपाळीं प्रथम आंठी पडेल. हार्मोनियमवर जो जुना आक्षेप आहे, तोच येथें दुप्पट जोरानें लागू पडतो. आणि तो आक्षेप कांहीं थट्टेचा नव्हे. याच कारणासाठीं आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दाराबाहेर ठेवलें होतें. बारा समान पट्ट्यांत तोडीचा अतिकोमल गांधार बसत नाहीं, आणि त्या गांधारावांचून तोडी ही एक स्वरांची यादी होते. शिवाय स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे. भूपाळी व देसकार यांचे पांचही स्वर एकच. गांधारावर वस्ती केली तर भूपाळी, धैवताला मान दिला तर देसकार. हा विवेक यंत्राला कोण शिकविणार?

मी ही तबकडी पुनःपुन्हा ऐकली, आणि माझें मत कांहींसें बदललें. यंत्रानें येथें राग वाजविलेला नाहीं; राग माणसानें वाजविला आहे. वरच्या पट्ट्यांवर हात चरणजितांचाच होता, आणि भूपाळीची चाल भूपाळीसारखी राहते ती त्या हातामुळें. ज्युपिटरला स्वर वांकविण्याची एक दांडी आहे. तिनें मिंडेचें निदान सोंग तरी आणतां येतें. परंतु खरी गंमत खालीं आहे. ती खर्जाची पेटी एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊं शकते, व ही सोय यंत्र बनविणारांनीं रागासाठीं केलेलीच नव्हती. एकट्या गिटारवाल्याला घरीं सरावासाठीं साथ मिळावी, एवढ्याकरितां ती पेटी काढली होती. गिटारवाल्यांना ती पसंत पडली नाहीं आणि १९८४ च्या सुमारास ती बंदही झाली. चरणजितांनीं तिच्यांत रागाच्याच स्वरांची एक ओळ भरली व ती खालीं अखंड फिरत ठेवली. तंबोरा जें बसून करतो, तें तिनें धांवत केलें. गांधाराचा माझा हट्ट मी सोडलेला नाहीं; तोडी अद्यापही मला तेथें अपुरी वाटते. मेघमल्हार व मालकंस मात्र मी आवडीनें ऐकतों.

२००२ सालीं एडो बौमन नांवाच्या एका डच संग्राहकाला दिल्लीच्या दुकानांत ही तबकडी सांपडली, आणि ती ऐकून तो थक्क झाला. कारण १९८७ सालीं शिकागोच्या ‘फ्यूचर’ नांवाच्या मंडळींनीं जुन्या बाजारांतून स्वस्तांत घेतलेल्या अगदीं त्याच टीबी-३०३ मधून चमत्कारिक घसरते आवाज काढले होते व त्यांतून ‘ॲसिड हाउस’ नांवाचा संगीतप्रकार जन्मला होता. मुंबईची तबकडी त्याच्या पांच वर्षें आधींची! बौमन मुंबईस येऊन चरणजितांना भेटला व २०१० सालीं तबकडी पुन्हा निघाली. लगेच वर्तमानपत्रांतून ओरड झाली कीं, ॲसिड हाउसचा जनक एक भारतीय आहे.

ही फुशारकी मला पटत नाहीं. शिकागोच्या त्या पोरांनीं चरणजितांची तबकडी ऐकली होती असें कोठेंही दिसत नाहीं. ऐकणार तरी कशी, ती मुंबईंतही कोणी ऐकली नव्हती. एकाच पेटींतून दोन ठिकाणीं दोघांना एकच आवाज सांपडला, इतकेंच. जेथें ऋण आहे तेथें चाल न छापणें जितकें वाईट, तितकेंच जेथें तें नाहीं तेथें ती छापणेंही वाईट. चरणजितांनीं स्वतः आपण एक नवा संगीतप्रकार काढल्याचा डौल कधीं मिरविला नाहीं. रागांना डिस्कोचा ठेका लावला, एवढाच त्यांचा दावा होता, आणि त्यांच्या तबकडीच्या पाठीवर दहाही तुकड्यांच्या माथ्यावर रागांचीं नांवें छापलेलीं आहेत.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांना युरोपांतून बोलावणीं येऊं लागलीं. जे श्रोते त्यांच्या नातवंडांच्या वयाचे, ते उभे राहून मेघमल्हारावर नाचत. जुलै २०१५ मध्यें मुंबईस त्यांचें निधन झालें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, इंग्लंडांतील एका तबकडी-वादकानें उभारलेल्या वर्गणीचा धनादेश रिचर्ड स्पेन्सर यांच्या हातीं पडला. त्या सात सेकंदांवर ज्यांनीं ज्यांनीं गाणीं बांधलीं वा नाचलीं, त्यांनीं आपखुषीनें पाठविलेले ते २४,००० पौंड होते. ड्रम वाजविणारा कोलमन त्यापूर्वीं नऊ वर्षें गेलेला होता.